चिखलदऱ्याच्या अर्जातील गोदूचे नाव

नागपूर, २२ मे १९७४, सायंकाळ

चिखलदऱ्याहून आज परतलो. विश्रामगृहाची खोली आम्हा चौघांच्या नावे होती. उमरेडची धाकटी बहीण गोदू दोनच रात्री राहायला येणार होती. जादा पाहुण्यास मनाई, स्वयंपाकिणीस मुभा. व्यवस्थापकास विनंती करता आली असती. विनंती करणे मला जमत नाही. अर्जात सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘गोदावरी, स्वयंपाकीण.’

रखवालदाराने फाटकावर ते सर्वांदेखत वाचले. इतके सुवाच्य कशासाठी लिहिले मी?

गोदू हसली. “दादा, आधी सांगतलं असतं तं पोळपाट घेऊन आली असती न!”

आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो ती एकटी सर्वांच्या पोळ्या लाटीत होती.

मी तिला थांबविले का? नाही. पानावर बसलो, आणि पोळ्या मऊ झाल्या आहेत, असेही म्हणालो.