पत्रांचा तास

अमरावती,
रविवार, २२ जानेवारी १९३३

प्रिय सुभद्रे,

‘चिरंजीव सुभद्रा हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असं सवयीनं लिहून झालं होतं, ते खोडलं. आज फार थकले आहे ग. लोकांना वाटतं, शाळेला सुट्टी म्हणजे बोर्डिंगातल्या बाईला आराम. शनिवारी अर्ध्या शाळेतून मुली आल्या की चौतीस डोक्यांना शिकेकाई आणि चौतीस डोक्यांवरून बारीक फणी. रविवारी सकाळी विहिरीवर धुणं, मग मागच्या वाफ्यांना पाणी. माळ्यांच्या पोरी न सांगता वांग्यांची खुरपणी करतात, देशमुखांच्या चिखलाला नाकं मुरडतात, आणि भांडण माझ्याकडे येतं. संध्याकाळी अंबादेवीपर्यंत रांगेनं फिरायला न्यायचं. कुणाच्या तरी पायात काटा मोडतोच.

मधला एक तास पत्रांचा. घरी काय लिहायचं, त्याचा नमुना मी फळ्यावर लिहून देते: ‘मी येथे खुशाल आहे. अभ्यास नीट चालू आहे. माझी काळजी करू नये.’ मी तपासल्याशिवाय एकही पत्र टपालपेटीत पडत नाही. गेल्या रविवारी चांदूरच्या पार्बतानं लिहिलं होतं, ‘मले इथं करमत नाई, मले घेऊन जा.’ मी त्यावर काट मारली आणि नमुना उतरवून घेतला. भाषा अशुद्ध आहे, असं तिला सांगितलं. ती नुसती सबब होती. रडगाणं घरी गेलं की बाप गाडी जुंपून येतो आणि पोरीची शाळा सुटते, हे मी दोनदा पाहिलंय. तुमच्या अकोल्याच्या बोर्डिंगातल्या जयवंताबाईंनाही हा नमुना मीच दिला होता. तेव्हा मोठा अभिमान वाटला होता.

परवा तुझा किसनमामा अकोल्याहून बियाणं न्यायला आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, ‘पोरगी पंधरा दिवस तापानं फणफणून राहिली होती, अन् तुले मालूमच नाई व?’ मी म्हटलं, तिचं तर पत्र आलं होतं, खुशाल आहे म्हणून. मी पेटीतून पत्र काढलं. आठ तारखेचं. अक्षर तुझं नव्हतं. कुणा मैत्रिणीनं फळ्यावरून उतरवलं असणार. चौतीस मुलींची अक्षरं मी नाव न बघता ओळखते, आणि पोटच्या पोरीचं ओळखलं नाही. तीन ओळी वाचल्या, बरं वाटलं, घडी घातली आणि कामाला लागले.

आज पत्रांच्या तासाला फळा कोरा ठेवला. पार्बतानं विचारलं, ‘बाई, मंग काय लिवू?’ असेल ते लिही म्हटलं. ‘काट त नाई मारसान?’ नाही म्हटलं. तिनं दोन पानं भरली. मी ती वाचली नाहीत. तिचा बाप येईल आता गाडी घेऊन. येऊ दे.

पण तुला लिहायचं कारण वेगळंच आहे, आणि तिथवर यायला मी एवढा वेळ लावला. मामानं उठता उठता सांगितलं, की तापात तू सारखी ‘बाई, बाई’ करत होतीस, म्हणून जयवंताबाई तुझ्या उशाशी बसून राहिल्या. त्यांना वाटलं, तू त्यांनाच बोलावते आहेस. त्यांचा काय दोष? दोन वर्षं तू इथे माझ्याजवळ शिकलीस, तेव्हा इतर मुलींसारखं मला बाईच म्हणायचं, असं मीच बजावलं होतं. एकदा पंगतीत चुकून ‘माय’ म्हणालीस, तर भरल्या ताटावरून उठवलं होतं तुला. तरी मुली तुला बाईंची लाडकी म्हणत, म्हणून शेवटी अकोल्याला धाडलं. त्या खोलीत कुणालाच कळलं नाही, की पोर आईला हाक मारते आहे. मी रजा घेतली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. तिथे राहायचं की माझ्याबरोबर यायचं, ते तू ठरव, मी काही बोलणार नाही. फक्त मी दारात दिसले की मला बाई म्हणू नकोस.

तुझीच,
माय