चौदा दिवस मुरलेली धायटी

रविवार, १६ फेब्रुवारी

वारज्याच्या टेकडीवरून पिशवीभर धायटीची फुलं आणली. लालभडक, बोटाच्या पेराएवढी. देठाकडून चोखलं की मधाचा थेंब! फिरायला आलेल्या एका काकूंनी अडवलं. 'आपण वनखात्याचे का?' म्हटलं, नाही, लवकरच सासरा होणार आहे. 'मग फुलं कसली गोळा करताय, पैसे करा!' पुणं!

आमच्या भंडाऱ्याकडे उन्हाळ्यात आई हे सरबत करायची. सकाळी फुलं भिजत घालायची, दुपारी गाळून गूळ कालवायची, संध्याकाळपर्यंत भांडं रिकामं. मी जरा सुधारणा केली आहे. गुळाच्या पाण्यात फुलं तशीच, आणि बाटल्या घट्ट बंद. कौशल्या म्हणाली, 'अहो, उकळून तरी घ्या.' उकळलं की सत्त्व जातं! दुसऱ्याच्या लेथवर बावीस वर्षं घासून स्वतःचं वर्कशॉप काढलंय मी. सरबत काय चीज आहे?

दोन तारखेला बापूराव सहकुटुंब येणार — अक्षताचं त्यांच्या चेतनशी पक्कं करायला. बापूराव दारूबंदी खात्यातून निवृत्त. सरळ माणूस, शिकलेलं घर, एकुलता मुलगा. मी दहावी नापास, आणि असं स्थळ माझा जिना चढून येतंय! पेढे काय कुणीही देतं. घरचं, रानातलं काहीतरी हवं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अक्षताला विचारलं, चेतन कसा वाटला? 'ठीक आहे.' मुलींचं 'ठीक' म्हणजे पसंत. माणसं ओळखतो मी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाटल्या बोलायला लागल्या! सुस्स... सुस्स... बेअरिंग जायला आलं की मला तीन मशीन लांबून कळतं. तसलाच आवाज. कौशल्याला म्हटलं, ऐक. 'मला फक्त तुम्ही ऐकू येता,' म्हणाली. झाकणं आणखी आवळली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात मायलेकींची कुजबुज. भिंतीआडून शब्द न् शब्द ऐकला. अक्षता — 'तू सांग ना बाबांना.' कौशल्या — 'मी नाही बाई. तूच सांग.' शालू भारीतला हवा असणार. घे म्हणावं, लाजतेस काय!

रविवार, २ मार्च

झालं ते झालं तसं लिहितो.

पहिली बाटली उघडली आणि झाकण उडालं ते थेट पंख्याला! निम्मं सरबत चेतनच्या पांढऱ्या शर्टावर. उरलेलं पेल्यांत ओतलं तर वर फेस. बापूरावांनी पेला नाकाशी नेला. मी गार.

'किती दिवस मुरलंय?'

'चौदा.'

'धायटी ना? अहो, वैद्य लोक आसवं-अरिष्टं आंबवायला हीच घालतात. नोकरीत असतो तर पंचनामा केला असता.'

'आणि आता?'

'आता पेन्शनर आहे. भरा.'

चेतनच्या आई शकूताई. चहासुद्धा घेत नाहीत म्हणे. 'औषधीच आहे ना?' असं तीनदा विचारून दोन पेले घेतले आणि बापूराव घोरतात कसे ते साग्रसंगीत करून दाखवलं. बापूराव म्हणाले, 'मी इतका बेसूर नाही.' चेतन ओल्या शर्टात टाळ्या पिटतोय. कौशल्या पदरात तोंड खुपसून हसतेय. इतकी रंगलेली बैठक मी आयुष्यात पाहिली नाही.

तेवढ्यात अक्षता उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, 'मुलगा चांगला आहे. ज्याला हवा त्यानं करावा. मला हे लग्न करायचं नाही.'

शकूताई खो-खो हसल्या. बाकी कुणी नाही.

सोमवार, ३ मार्च

अंघोळीआधीच बापूरावांना फोन. म्हटलं, पोरीला चढलं हो! सवय नाही, त्यात माझी करणी. मनावर घेऊ नका.

 बापूराव म्हणाले, 'अहो, आमच्या हिनं परत जाताना रिक्षावाल्याकडे ओवाळणी मागितली. पोरीचं काय घेऊन बसलात? सोडा!'

सुटलो! साखरपुडा सहा एप्रिलला पक्का. उरलेल्या चार बाटल्या बापूरावांनी 'तपासणीसाठी' मागवल्या आहेत. बुडती नाव काठाला लावली — मानलं पाहिजे स्वतःला.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी अक्षता चहा गाळत होती. म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं सरबताच्या माथी मारून मोकळा झालो.

गाळणं खाली ठेवलं तिनं. 'बाबा, मी थेंबभरही घेतलं नव्हतं.'