ताईसमोरचं बाक

३ फेब्रुवारी
आजही ताईने माझ्याकडे पाहिलं नाही! नगरपरिषदेच्या सभागृहात आम्ही समोरासमोर — ती अध्यक्षांच्या खुर्चीत, मी विरोधी बाकावर. रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल बोलायला उठले, तर समोरच्या कागदांकडे बघत म्हणाली, "विरोधी सदस्यांनी थोडक्यात बोलावं."
विरोधी सदस्य! माझ्या वेण्या घातल्यात हिने.
त्यांचे अकरा, आमचे दहा. दोन्ही पक्षांना एकेक बाई उमेदवार हवी होती आणि आमच्या घरात नेमक्या दोघी सापडल्या. निवडणूक झाली तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

६ फेब्रुवारी
आईकडे गेले. ताई नुकतीच उठून गेली होती, मी येणार म्हणून. कप अजून कोमट. मी न विसळता त्यातच चहा घेतला. आई बघत होती. म्हणाली, "घाला ते पक्ष चुलीत. मला दोघी एका वेळी घरात हव्यात."
मला काय नकोय?

१० फेब्रुवारी
पाणी समितीचे सभापती त्यांच्यातून आमच्यात आले. वर्षभर कुंपणावर बसून होते, शेवटी मारली उडी. आता आमचे अकरा, त्यांचे दहा. अध्यक्षांवर अविश्वास ठराव आणायचं ठरलं.
आमचे गटनेते मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक हात जरी खाली राहिला, तरी सगळं मुसळ केरात. बहिणीची माया घरी ठेवून या."
घरी तरी कुठे उरलीय ती?

११ फेब्रुवारी
एकच विचार डोक्यात. खुर्ची गेली की अध्यक्ष जाईल आणि ताई उरेल. मग एखाद्या दुपारी दार ढकलून आत येईल, चपला नेहमीसारख्या वाटेतच काढेल, "चहा टाक गं" म्हणेल. दोन कप धुऊन पालथे घातले. वेडीच आहे मी.

१३ फेब्रुवारी
नाही आली तर?

१५ फेब्रुवारी
उद्या सभा. आमच्या परिषदेचा नियमच असा, की हात अध्यक्षांनी मोजायचे — ठराव त्यांच्याविरुद्ध असला तरी.
लहानपणी लपाछपीत ताईवर राज्य आलं की मी पडद्यामागे उभी राहायची. पाय बाहेर, वरून खुदुखुदु हसणं. ती अगदी जवळ यायची, पडद्याला नाक लावायची आणि मोठ्याने म्हणायची, "धाकटी काही सापडत नाही बाई!" बाकी सगळ्यांना पकडायची. मला कधीच नाही.
हात वर करणार आहे. ती परत यावी म्हणूनच करणार आहे. हे तिला कोण सांगणार?

१६ फेब्रुवारी
ठराव मंजूर.
ताईने मोजणी माझ्यापासून सुरू केली. चष्मा काढला, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं — निवडणुकीनंतर पहिल्यांदा — आणि म्हणाली, "एक."