देवघराखालचा डबा

॥ श्री ॥
कोपरखैरणे, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
जोतीरामचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही तिघेही बरे आहोत. थंडी म्हणावी अशी नाही. सकाळी रबाळ्याला कंपनीत जाताना स्वेटर घालतो आणि गेटवर काढतो. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का, ते मागच्या पत्रात तू लिहिलं नाहीस. न लिहिण्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला आहे.

कार्तिकात तू पाण्याच्या टाकीमागे पडलीस आणि तासभर तशीच राहिलीस, हे मला आठवड्याने कळलं. शेजारची वैजयंती फाटकातून हाका मारून, तू घरात नाहीस असं समजून परत गेली होती. तुला हाक ऐकू गेली असती तर तू ओ दिली असतीस. हे तिने फोनवर सांगितल्यापासून जेवायला बसलो की तेच डोळ्यांपुढे येतं.

म्हणून पुन्हा तेच लिहितो. आता आमच्याकडे राहायला ये. पंधरा दिवसांसाठी नव्हे, कायमची. घरात जागा नाही, हे तुझं कारण होतं. तेही मिटतं आहे.

शिवतेज वाशीला टीव्हीच्या दुकानात लागला, हे तुला ठाऊकच आहे. दुकानात मांडून ठेवलेला एक पंचावन्न इंची टीव्ही त्याला सवलतीत मिळाला. पाटासारखा पातळ, भिंतीला टांगायचा. त्याच्या पाठीला वायरींचं जंजाळ नाही. सगळ्या वायरी एका वेगळ्या काळ्या डब्यात जातात आणि डब्यापासून टीव्हीपर्यंत मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखी एकच बारीक वायर. वीजसुद्धा तिच्यातूनच. तो डबा कुठे लपवायचा एवढाच प्रश्न आहे. तो भिंतीवर गेला की जुन्या टीव्हीखालचं लाकडी कपाट काढून टाकू. मी टेपने मोजलं. खिडकीखाली सहा फूट बाय अडीच फूट जागा तुझ्या खाटेला मिळते आणि स्वयंपाकघराकडे जायची वाटही राहते.

आणखी एक. बऱ्याच कार्यक्रमांना खाली अक्षरं येतात. लोक बोलतात ते लिहून दिसतं. तुला ऐकू आलं नाही तरी वाचता येईल.

राजलक्ष्मीचाही आग्रह आहे. तिने खाटेवर घालायला चादर आणूनसुद्धा ठेवली. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा
जोतीराम

*

॥ श्री ॥
बोरजाईवाडी, ता. माण
१९ जानेवारी २०२५

चि. जोतीरामास,
पुतळाआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सूज उतरली आहे, तेव्हा अर्थ लावत बसू नकोस.

जागा टेपने मोजून कळवलीस. आपले आबा गोठासुद्धा पावलांनी मोजायचे, पण तू आता कंपनीतला माणूस. चादर कुठल्या रंगाची आहे ते राजलक्ष्मीने कळवावं. पांढरी असेल तर बदलून आण म्हणावं, मी काही दवाखान्यात येत नाही.

तू एवढं सगळं लिहिलंस, पण टीव्ही कुठल्या भिंतीवर लावणार ते लिहिलं नाहीस. मी तुमच्या वास्तुशांतीला पंधरा दिवस राहिले आहे. मला तुमची खोली पाठ आहे. एका भिंतीला खिडकी, एकीला स्वयंपाकघराची चौकट, एकीला आतल्या खोलीचं आणि न्हाणीचं दार. उरली चौथी. तिच्या मधोमध देवघर आहे, आणि कडेला तुमचं ते कपाट. मग पंचावन्न इंच कुठे बसणार?

देवघरातले खंडोबा आणि भवानीचे टाक आईच्या पूजेतले. ती गेल्यावर सतरा वर्षं मी त्यांना अंघोळ घातली. तू घर घेतलंस तेव्हा लाल फडक्यात बांधून मीच ते तुझ्या हातात दिले. देव मुलाकडे जातात, माहेरी परत आलेल्या लेकीकडे राहत नाहीत, ही आपली रीत. ती मी मोडली नाही.

आता नीट वाच. माझ्या खाटेसाठी देव हलवणार असशील तर मी येणार नाही. मग पुन्हा विचारूही नकोस.

शिवतेजला पगार झाला म्हणून अभिनंदन सांग. राजलक्ष्मीला आशीर्वाद. रागावले आहे असं समजू नकोस, पण विसरूही नकोस.

तुझी
आक्का

*

॥ श्री ॥
कोपरखैरणे
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पंचवीस तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. कंपनीत मोजदादीचं काम होतं, हे एक कारण.

टीव्ही लागला. ज्या दिवशी तू पत्र लिहीत होतीस त्याच रविवारी लागला. पोपट नावाचा माणूस आला होता, सारसोळ्याचा. हातात काम आणि तोंडात सतत बोलणं. त्याने आधी बोटाने भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाला की काका, ही तर नुसती उभी वीट हाय, जास्त खोल गेलो तं शेजारच्यांच्या घरात निघू. तरी ड्रिल लावल्यावर पलीकडे व्हायचा तो आवाज झालाच. शेजारचे हिरामणदादा लुंगीवरच आले. ते इथले मूळचे गाववाले, बोलणं रोखठोक. म्हणाले, "जोतीराम, भिंत आमची बी हाय. सांगून तरी ठोकायची." मी हात जोडले. मग तेच स्टुलावर चढून पोपटला लेव्हल धरून देऊ लागले, आणि टीव्ही उजवीकडे उतरतो की डावीकडे यावर दोघांची अर्धा तास वादावादी झाली. शेवटी राजलक्ष्मीने चहा दिला आणि दोघांनाही सरळ दिसू लागला.

काळा डबा मी स्वतः लपवला आहे. दोन विटा शेजारी ठेवाव्या एवढा तो आहे, आणि गरम होतो, म्हणून त्याला हवा लागते. पोपटला माझी जागा पटली नाही. मला मात्र घरात तिच्याइतकी सुरक्षित दुसरी जागा दिसली नाही. मागच्या फळीला मी भोकं पाडली, वायर त्यातून वर नेली. आता पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

भिंतीबद्दल तू विचारलंस. पूजा रोज होते, आक्का. एक दिवसही खंड पडलेला नाही. सकाळी साडेपाचला अंघोळ करून मी बसतो तसाच बसतो. एवढं तुला कळवतो.

चादर निळी आहे.

माघी पौर्णिमेला पंचामृताने अभिषेक करतो. ती झाली की मी तुला न्यायला येईन. नाही म्हणू नकोस. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा
जोतीराम

*

कोपरखैरणे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
शिवतेजचा नमस्कार.

मी पत्र लिहिलं म्हणून आश्चर्य वाटेल. शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि हे वैजयंतीकाकूंकडे निरोप देऊन सांगण्यासारखं नाही. बाबांना माहीत नाही. त्यांनी दोनदा तुला लिहायला घेतलं आणि दोन्ही कागद फाडले.

सरळच सांगतो. देव हलवले. तुझं पत्र यायच्या आधीच. देवघर मधून काढून डाव्या कोपऱ्यात सरकवलं आणि मध्ये टीव्ही लावला. हलवायच्या आधी आईने देव ताटातल्या तांदळात ठेवले होते, बाबांनी माफीबिफी मागितली होती, सगळं रीतसर. आणि तो डबा बाबांनी देवघराच्या खालच्या खणात ठेवला. मी म्हटलं, बाबा, तिथे नको. तर म्हणाले, आक्कासाठी आणलेली वस्तू आहे, देवाच्या पायाशी राहू दे.

परवा माघी पौर्णिमा झाली. बाबांनी दही, दूध, मध, साखर, तूप सगळं घातलं, वरून दोन तांबे पाणी. देवघराच्या फळीला जोडाशी फट आहे. अकरा वर्षं ती होतीच, पण खणात नुसत्या वाती आणि कापूर असायचा. सगळं पंचामृत डब्यात गेलं. चट् असा एक आवाज आला आणि टीव्ही काळा. मी डबा दुकानात नेला. आमच्या टेक्निशियनने उघडला आणि मला विचारलं की याला नैवेद्य कुणी दाखवला. नवीन डबा मागवावा लागेल. ते माझं मी बघतो, त्याचं टेन्शन नाही.

टेन्शन बाबांचं आहे. ते म्हणतात, हा कौल आहे. आक्काने पत्रात बजावलं, तरी मी देव जागेवर नेले नाहीत, देवांनी दाखवून दिलं. आता ते देवघर परत मधे आणणार. म्हणजे टीव्ही उतरवून खाली टेबल ठेवायचं, म्हणजे तुझी खाट बसत नाही. पोपटला दोन मार्चच्या रविवारी बोलावलंय. तुला काय लिहायचं ते त्यांना सुचत नाहीये.

आणि एक गोष्ट तुला ते कधीच सांगणार नाहीत. टीव्ही लागल्यापासून बाबा तो आवाज पूर्ण बंद करून बघायचे. बातम्या, कीर्तन, सगळं नुसतं वाचून. मी चिडलो तर म्हणाले, घराला सवय व्हायला हवी. आक्का वाचत असताना आपण ऐकून तिच्याआधी हसायला लागलो तर तिला कसं वाटेल? आईनेसुद्धा तीन आठवडे तिची सिरियल तशीच बघितली.

तू जे सांगशील ते बाबा ऐकतील. दोन तारखेच्या आत पत्र टाक, प्लीज. गुडघा सांभाळ, आणि माझ्यावर रागावली असशील तर इथे येऊन रागाव.

तुझा
शिवतेज

*

॥ श्री ॥
बोरजाईवाडी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. जोतीराम,
अनेक आशीर्वाद.

शिवतेजने मला लिहिलं आहे. त्याला बोलू नकोस. तुझ्यापेक्षा त्याचं पत्र सरळ आहे, अक्षर मात्र तुझ्याहून वाईट.

पहिली गोष्ट. कौल वगैरे काही नाही. पाणी उतारानं जातं. फळीला फट आहे हे अकरा वर्षांत तुझ्या ध्यानात आलं नाही, हा दोष देवांचा नव्हे. पोपटला येऊ नको म्हणून कळव. टीव्ही आहे तिथे राहू दे, देवघर आहे त्या कोपऱ्यात राहू दे. फळीची फट लाखेने बुजव. आणि डबा माझ्या खाटेखाली ठेव. तिथे हवाही खेळते, आणि मला कुणी अंघोळ घालणार नाही.

आता दुसरी. ती मी पंचवीस वेळा मनात लिहिली असेल, कागदावर आज लिहिते. देव हलवू नकोस म्हणाले ते देवांसाठी नव्हतं. टाक तुझ्या हातात दिले त्या दिवसापासून माझ्या घरातला कोनाडा रिकामा आहे. मी तिथे काडेपेटीसुद्धा ठेवलेली नाही. सकाळी अंघोळ झाली की हातांना काय करावं ते कळत नाही. अंगणात जाते, पाणी बघते. त्या दिवशीसुद्धा तशीच टाकीमागे गेले आणि पडले. तुझं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, ज्या घरात देवांनाच इंचांनी सरकावं लागतं तिथे मी आणखी कुणाकुणाला सरकवत बसू? म्हणून तसं कडक लिहिलं. रीतीच्या मागे लपले म्हण.

पण आवाज बंद करून तीन आठवडे टीव्ही बघणाऱ्या माणसांना मी अडचण होईन, असं आता मला म्हणता येत नाही.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी रीत मोडेल की राहील, ते तू ठरव. सकाळची देवांची अंघोळ मला दे. मी टाक ताम्हनात उतरवून घालीन, तुझ्यासारखे तांबे उपडे करणार नाही. तू मागे बसून बघ, मग कंपनीत जा. साडेपाच म्हणजे मला उशीर होतो; मी पाचला उठते.

न्यायला येऊ नकोस, रजा फुकट जाईल. शनिवारी एक मार्चला दहिवडीहून सकाळच्या गाडीने निघते. नेरूळला उतरेन. तिथे हाक मारू नका, पुढे येऊन हात धरा.

पाच कोंबड्या होत्या, त्या काल वैजयंतीला दिल्या. तिने हातानेच विचारलं, परत कधी द्यायच्या? मीही हातानेच सांगितलं, नकोत.

राजलक्ष्मीला आणि शिवतेजला आशीर्वाद. बाकी समोर आल्यावर बोलू, म्हणजे तुम्ही लिहा आणि मी बोलते.

तुझी
आक्का