माझ्या चेहऱ्याची व्यवस्था

मी, इसाक वल्द बिलाल सिद्दी, धंदा पूर्वी कलावंत, आता काही नाही, राहणार धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर ‘म्हातारा भ्रमिष्ट झाला होता’ असं म्हणणारे आत्तापासून तयार असतील. डॉक्टरांनी मला आज कोणता वार ते विचारलं. मी सांगितलं, आणि कशाला विचारता तेही विचारलं. त्यांनी दाखल्यात ‘स्वभाव संशयी’ असं लिहायला घेतलं होतं, ते मी लिहू दिलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ज्यांनी टाकून पाहिला त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

कलम १. राहतं घर आणि मागची सीताफळाची झाडं यांची वाटणी शरियतप्रमाणे बायको जैनबबी आणि मुलगा यासीन यांच्यात होईल. त्यात मला बोट घालता येत नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्राने फार तर तिसरा हिस्सा वारसांबाहेर देता येतो. मी विचारलं, माणसाचा चेहरा त्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो का? वकील हसले. मी हसलो नाही. मग त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, लिहून ठेवा, बहुतेक अडचण येणार नाही. त्यांचा हा ‘बहुतेक’ मला पसंत पडलेला नाही.

कलम २. माझ्या वडिलांची नाल ठोकायची हत्यारं यासीनला. आमचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कधीतरी आणले गेले. कुणी आणले, कुणी विकले, हे घरात कुणाला माहीत नाही आणि माहीत आहे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वडील हैदराबादला निजामाच्या हबशी रिसाल्यात घोड्यांना नाल ठोकायचे. निजामी गेली, रिसाला मोडला, ते धारूरला आले आणि बैलांना नाल ठोकू लागले. मी इथेच जन्मलो, इथल्याच मराठी शाळेत शिकलो. यासीनचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. तो म्हणतो, “अब्बा, मोटरसायकलला नाल कुठं ठोकू?” ठोकू नको, पण भंगारात देऊ नको. भंगारवाल्याशी तुझं बोलणं झालं आहे, हे मला ठाऊक आहे.

कलम ३. लोखंडी पेटीतला पिसांचा मुकुट, घायपाताच्या धाग्यांचा घागरा आणि प्लास्टिकच्या दातांची माळ जैनबबीने स्वतः जाळावी. कुठल्या पुढाऱ्याला, मंडळाला किंवा संग्रहालयाला देऊ नये, मागायला आलेला माणूस कितीही रडला तरी. हे सामान टोनी कांगोचं आहे.

टोनी कांगो म्हणजे मी. ज्यांची वयं कमी आहेत त्यांच्यासाठी लिहितो. एके काळी मराठवाड्यातल्या जत्रांमध्ये उत्तरेश्वरचा ऑर्केस्ट्रा गाजत होता, आणि त्यात शेवटचा नाच ‘खास कांगोहून आलेले’ टोनी यांचा असायचा. पोरं माझ्या कुरळ्या केसांना हात लावायला रांगा लावायची. बाया लेकरं माझ्या अंगावर टाकायच्या. पेपरात फोटो यायचा. माझी सही घेतलेले कागद लोकांनी फ्रेम करून लावले.

पहिल्या दिवशी ऑर्केस्ट्राचा मालक उत्तरेश्वर याने मला उजेडात उभं करून न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, “इसाक, तुझ्यावानी काळे तर पहिल्या रांगेत बसत्यात. पब्लिक तुला कावून बघंल?” मग त्याने खोबरेल तेलात काजळी कालवली आणि माझ्या काळ्या तोंडावर काळा रंग चढवला. माझे केस मात्र त्याला आहेत तसे चालले. आणि एक अट घातली. गावात शिरल्यापासून गाव सोडेपर्यंत मराठीचा एक शब्द काढायचा नाही. “तू मराठी बोललास की तुझी मजा गेली. मग तू नुसता धारूरचा इसाक.”

मी अट पाळली. चहाच्या टपरीवर मुका बसून राहायचो आणि लोक माझ्यासमोर मोकळेपणी बोलायचे. हा रक्त पितो का, याच्या बायका किती असतील, याला साखळीला बांधून आणलं का. हार घालणारा सरपंच हार घालता घालता शेजारच्याला म्हणायचा, “वास लई मारतोय, लवकर फोटो काढ.” मी दात दाखवून हसायचो. तेव्हापासून माझ्याशी कुणी गोड बोललं की, याला मराठी कळत नाही असं समजून तो काय बोलला असता, तेच मला आधी ऐकू येतं. या स्वभावाला डॉक्टर संशय म्हणतात. ते कधी टोनी कांगो होऊन चहा प्यायला बसलेले नाहीत.

त्या सगळ्या वर्षांत एकदाच तोंड उघडलं. कपिलधारच्या जत्रेत उत्तरेश्वर एका मुलीकडून सीताफळं घेत होता. मी हळूच म्हणालो, “खालची सडकी हायती.” मुलीने माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाली, “कांगोत बी सीताफळं हायती का?” तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. ती जैनबबी. तिच्या भावांनी माझ्या रंगावरून वर्षभर घर डोक्यावर घेतलं, तरी तिने माझ्याशीच निकाह लावला. या जगात मी ज्या एका माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवतो ती हीच.

उत्तरेश्वरला मी काहीही ठेवत नाही. तो वारला आहे, पण त्याचा मुलगा ‘बाबांची आठवण’ म्हणून काहीतरी मागायला येईल. त्याला पाणी द्यावं.

कलम ४. माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स. आमच्याकडे माणूस जन्मला, निवडून आला, त्याचा वाढदिवस आला किंवा तो मेला की चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर सगळे गोरे असतात. शेतात उन्हातान्हात जन्म काढलेला माणूस चौकात दुधात बुडवून काढल्यासारखा हसत असतो. म्हणून मी माझा फ्लेक्स जिवंतपणीच करून घ्यायला सोमेश्वरच्या दुकानात गेलो आणि चारदा बजावलं की रंग आहे तसा ठेव. छापून आला तो कुणीतरी गुलाबी इसम.

“सोमेश्वर, हा कोण?”

“तुमीच की, चाचा.”

“मी असा हाय?”

“आवो, हात आपोआप तिकडंच जातोय. आजपातुर एकाबी माणसानं ‘मला काळं ठेव’ म्हणून सांगितलं न्हाई. अन् मेल्यावर तरी माणूस जरा उजळ दिसावं का न्हाई?”

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त राग आला. जिवंतपणी पोटासाठी जास्त काळं व्हायचं आणि मेल्यावर अब्रूसाठी गोरं व्हायचं. मधला जो माझा स्वतःचा रंग आहे तो धारूरात कुणीच बघणार नाही काय? सबब माझा फ्लेक्स लावू नये. तो गुलाबी इसम सीताफळांवर माकडं येतात तिकडे टांगला आहे, तिथेच राहू द्यावा.

कलम ५. चेहरा आणि आवाज. मुंबईची एक कंपनी गेल्या वर्षापासून माझ्या मागे लागली आहे. त्यांचा माणूस गुडघ्यावर फाटलेली पँट घालून येतो आणि मला सर म्हणतो. टोनी कांगोवर मालिका काढायची आहे. माझे जुने फोटो आणि व्हिडिओ घेऊन ते संगणकावर माझा तरुण चेहरा बनवणार, त्याला नाचवणार. मी मेलो तरी तो नाचत राहणार. “सर, तुम्ही अमर व्हाल,” तो म्हणतो. “आता ब्लॅक खूप चालतंय.” चालतंय हे खरं. गॅरेजवर येणारी पोरं अमेरिकेतल्या काळ्या गायकांचे फोटो छातीवर घेऊन फिरतात, पैसे देऊन माझ्यासारखे केस वळवून घेतात, आणि स्वतःसाठी मुलगी बघायची म्हटलं की आधी रंग विचारतात.

माझी नात सहर, यासीनची मुलगी, अंबाजोगाईला कॉलेजात आहे. ती फोनवर व्हिडिओ टाकते, हजारो लोक बघतात. केस माझे आहेत, पण व्हिडिओत तोंड पीठ लावल्यासारखं दिसतं. मला ती दादा म्हणते. विचारलं तर म्हणते, “दादा, ते फोनच करतंय.” माझ्याबरोबरचा एकही फोटो तिने टाकलेला नाही. आणि मागच्या जुम्म्याला तिच्या फोनवर त्या फाटक्या पँटवाल्याचं नाव चमकलं. ती फोन घेऊन अंगणात गेली, हळू आवाजात बोलत राहिली. जिच्या पाळण्याची दोरी मी ओढली तीच माझं तोंड विकायला निघाली, असं वाटून मला जेवण गेलं नाही.

सबब माझा चेहरा आणि आवाज कुणालाही देत नाही. सहरला तर मुळीच नाही. सगळे फोटो माझ्याबरोबर दफन करावेत.

कलम ६. वरचं कलम ५ लिहिल्यावर तो माणूस घरी आला. ते कलम, म्हणजे कुणाला काही न देण्याचा त्यातला शेवटचा परिच्छेद, मी रद्द करत आहे. खोडत मात्र नाही. खोडलं की लोक कागद उजेडाला धरून खाली काय होतं ते बघतात.

तो तक्रार घेऊन आला होता. म्हणाला, “सर, तुमच्या नातीला समजवा. सगळं तिच्यामुळे अडलंय.”

“काय केलं तिनं?”

“ती म्हणते, मालिकेत आजोबा मराठी बोलले पाहिजेत, इथली मराठी. नाहीतर घरातून एक फोटो मिळणार नाही. आणि तिला आम्ही तुमच्या बहिणीचा रोल देत होतो, थोडा डार्क मेकअप करून, तोही नको म्हणते. सर, टोनी कांगो मराठी बोलला तर मजाच जाते ना.”

उत्तरेश्वर मेला आणि त्याचं वाक्य मुंबईहून पँट बदलून आलं होतं. आतून जैनबबी म्हणाली, “चहा पिऊन झाला का? मग निघा आता. मजा जायली म्हणालात न्हाई का, तिला बी संगं घेऊन जावा.”

सहर सुट्टीला आली तेव्हा मी विचारलं, “मला कावून सांगितलं न्हाईस?”

“तुमी इचारलं कुठं? नुसते माझ्या फोनकडं बघत बसलतात.”

“अन् माझ्यासंगं एक फोटो टाकत न्हाईस, त्याचं काय?”

तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “टाकलता एकदा. खाली लोकांनी काय काय लिवलं ते तुमी वाचू नये म्हणून काढला. दादा, मी तुमचे सगळे व्हिडिओ बघितलेत. एकाबी व्हिडिओत तुमी बोलत न्हाईत. नुसते वरडायलात. माझ्या मैत्रिणी इचारत्यात, तुझे दादा बोलत्यात कसे? मी काय दाखवू त्यांना?”

मी तिच्यासमोर रडलो. हे कलमात लिहायची गरज नव्हती, पण माझ्या पाठीमागे कुणी दुसऱ्या कारणाने रडला म्हणून सांगेल, म्हणून लिहिलं. संशय घेतल्याबद्दल माफी मागत नाही. सवयीचा आहे, मरेपर्यंत जाणार नाही.

तरी आता पक्कं लिहितो. माझा चेहरा आणि माझा आवाज, जिवंत किंवा संगणकावर बनवलेला, सहर यासीन सिद्दी हिला देत आहे. तिने तो काजळी लावू देऊ नये, पीठ लावू देऊ नये. विकायचा की नाही हे तिने ठरवावं. पण माझं तोंड कुणी कधी पडद्यावर उघडलंच, तर त्यातून आमच्या धारूरची बोली निघाली पाहिजे. नसेल निघत, तर तोंड मिटलेलं ठेवावं.

कलम ७. हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर स्वतः वाचून दाखवलं. खालचे दोघेही हिश्श्याचे वाटेकरी नाहीत, याची मी दोनदा खात्री केली आहे. वकील म्हणाले, वाचायची गरज नाही, नुसती सही करा. मी म्हणालो, मी बोलणार आहे, तुम्ही बसा. दार लावून घेतलं होतं. सहर बाहेर ओट्यावर फोन हातात घेऊन बसली होती, फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं हे मला खिडकीतून दिसत होतं. मी खिडकी लावली नाही. आवाज चढवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

ठिकाण : धारूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) इसाक बिलाल सिद्दी

साक्षीदार :
१. रामकिसन म्हाळू घोळवे, ढोलकीवादक, धारूर. (सही)
२. चंद्रभागाबाई तिडके, निवृत्त शिक्षिका, धारूर. (सही) दोन्ही वेळा ऐकलं. दुसऱ्यांदा जास्त बरं वाचलं.