रंगखोलीतल्या टेबलाची विल्हेवाट

रंगखोलीतल्या माझ्या बायांनो, कंदील्या खेळण्याचे डोळे आपण रंगवले आणि डोळस मात्र दुसरेच ठरले. हा सल तुमचा-माझा एकच आहे, म्हणून हे मृत्युपत्र वकिलाच्या आधी तुम्हाला उद्देशून लिहिते. माझी छाती रंगाच्या वासाने गेली. डोकं जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासून तसं लिहून दिलं आहे. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने मी हे लिहीत नाही. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण वाटण्याजोगं काही आहे असं वाटलं नव्हतं.

राहती जागा, दोन खोल्या आणि मागचा कट्टा, मुलाला आणि सुनेला निम्मी-निम्मी. सुनेचा हिस्सा मुद्दाम वेगळा लिहिला आहे. माझा मुलगा वाईट नाही, पण जो शेवटी बोलेल त्याचंच त्याला पटतं. बँकेत औषधपाण्यातून काही उरलं, तर तेही सुनेचं.

माझी सगळी पुस्तकं वाचनालयाला. कारखान्याच्या गेटवर आपल्या मागण्यांसाठी बोलायला उभी राहायचे, तेव्हा शब्द त्यांतूनच उसने आणायचे. समासात लेखकांशी भांडले आहे, ते कोणी खोडू नये.

रंगखोलीच्या मुकादमांना माझी मोडक्या पायाची खुर्ची. तिच्यावर बसून त्यांनी एक दिवस डोळे रंगवावेत, एवढीच अट.

आता टेबल. खोली बंद झाली तेव्हा मी ते भंगारातून सोडवून आणलं. त्यावर आम्ही जेवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंदील्या हे त्या व्हिडिओ गेममधलं कंदील घेऊन भुयारात फिरणारं अस्वलाचं पिल्लू. त्याची पहिली खेळणी आपल्या टेबलावर रंगली. आपण दोन रांगांत समोरासमोर बसायचो. शिकवणाऱ्या मोठ्या बाई म्हणायच्या, "डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा, खिडकीच्या अंगाला." त्यांच्या रांगेला खिडकी उजवीकडे, आपल्या रांगेला डावीकडे. त्यामुळे निम्म्या कंदील्यांचे ठिपके उलटे पडले. मुकादमांच्या लक्षात येईपर्यंत खोकी दुकानांत पोचली होती. आपल्या रांगेला त्यांनी काय काय ऐकवलं, ते लिहून कागद विटाळत नाही.

पण खेळणाऱ्या पोरांनी त्या उलट्या ठिपक्याची गोष्ट रचली. हा कंदील्या नव्हे, भुयारात हरवलेला त्याचा जुळा भाऊ, म्हणे. पुढच्या गेममध्ये तो जुळा खरोखर आला. आज, पंचविसाव्या वर्षी, तो कपांवर आहे, चादरींवर आहे, दात घासायच्या ब्रशवरसुद्धा आहे. आणि तीन दिवसांपूर्वीच्या वर्धापन सोहळ्यात गेम रचणारे साहेब मंचावरून म्हणाले, "जुळा पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होता." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत उभी राहून बोलायला लागले. इतकी वर्षं हातात भोंगा नसताना गेट हलवणारा माझा आवाज. दुसऱ्या वाक्याला खोकल्याने बसला. एका मुलीने मला पाणी दिलं आणि हाताला धरून जुळ्याचे टॉवेल विकायला ठेवलेल्या दालनात नेऊन बसवलं.

आता कंपनीला प्रदर्शनात काचेआड हे टेबल मांडायचं आहे. पाटी तयार आहे: 'इथे साहेबांना जुळा सुचला.' माझा मुलगा कंपनीच्याच दुकानात, गेमच्या वस्तू विकतो.

तो म्हणाला, "आई, टेबलच तर आहे ते. दिलं की मला कायम करणारेत."

"मग जेवायचं कशावर?"

"नवीन देतायत. घडीचं. वर कंदील्या छापलेला."

सून म्हणाली, "अहो, त्यांना जगू द्या आधी, मग टेबल न्या." तो टेबलाची लांबी वितीने मोजायला लागला. म्हणजे कंपनीला शब्द देऊन आला आहे, हे मला कळलं.

माझ्या शेजारी बसणारी आपली जाडी भेटायला आली, तिच्यापुढे हे बोलले. ती म्हणाली, "अगं, प्रदर्शनाचे पास मिळतायत नातवंडांना. खोटं तर खोटं. आपल्याला कोण विचारतंय?"

"म्हणून तर सांगायचं."

"तू सांगितलंस की. टॉवेलांत नेऊन बसवलं ना तुला?"

ती हसली, मीही हसले. मग तिने माझी पाठ चोळली आणि पास घ्यायला गेली.

म्हणून हे टेबल मी मुलाला देत नाही. ते रंगखोलीतल्या हयात बायांना सामाईक देते. तुम्ही ते वाचवाल, या भ्रमात मी नाही. एक गोड शब्द, एक पास, आणि तुम्ही ते काचेआड जाऊ द्याल. खरं सांगणारं माणूस माझ्यानंतर उरणार नाही. निदान खोट्याच्या साक्षीला आपलं टेबल तरी उभं राहू नये. शेजारच्या सुताराशी बोलून ठेवलं आहे. मला उचललं की स्मशानात येऊ नका. कंपनीची गाडी यायच्या आत घरात शिरा, सुताराकडून करवत घ्या आणि दोन रांगांच्या मधून हे टेबल उभं चिरा.

साक्षीदार: शेजारचा सुतार (सही). वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी (सही). तिसरी ओळ रंगखोलीतल्या कोणासाठी सोडली होती. ती रिकामी आहे.

ठिकाण: राहतं घर, त्याच टेबलावर.
तारीख: वर्धापन सोहळ्यानंतरचा तिसरा दिवस.
लिहून देणार: खिडकी डावीकडे असलेली (सही)