लोखंडी चुलीचे सांधे

सिस्टर, तुमची लोखंडी चूल आता माझ्या पडवीत आहे आणि ती चांगली पेटते. हे तुम्हाला कळवायचे खरे तर काही कारण नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षे झाली. तुमच्या कबरीवर मी एकदाही आले नाही आणि यायचा विचारही नाही. पण चूल दुरुस्त करताना तिच्या पाठीमागे मला जे सापडले, ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, कारण ते तुमच्याच हातचे होते.

लढाई सुरू झाल्यापासून मोडक्या लोखंडाला भलताच मान आला आहे. तुमच्या शाळेने नवे स्वयंपाकघर बांधले, तेव्हा अडगळीतली ही चूल आमच्या गल्लीतल्या लोहारचाचांकडे आली. मी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्या भट्टीवरून फिरायला जाते. एक दिवस ती दारात आडवी पडलेली दिसली. एक पाय मोडलेला, धुराडे नाही, पण झाकणावरची ती द्राक्षांची वेल तशीच. चाचा घण शोधत होते. मी म्हटले, थांबा, ही मला हवी. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, “दवाखानामा माणसं जित्ती कयात, आते लोखंडनी पाळी शे का, बाई?” मी म्हटले, माणसांपेक्षा लोखंड बरे, औषध घेताना कुरकुर करत नाही. “मंग पेशंट घरी लई जा,” चाचा म्हणाले, “पन इना भरोसा मी देत नही.”

तुम्ही ती आगगाडीने आणवली तो दिवस मला आठवतो. स्टेशनावरून बैलगाडी येते आहे, आत गवतात गुंडाळलेली चूल, आणि तुम्ही गाडीपुढे चालत आहात, जणू वरातच. आम्हा मुलींना वाटले, आता धूर संपला, फुंकणी संपली. तुम्हाला तुमच्या थंड मुलुखातला पाव हवा होता. पाव निघाला तो वरून कोळसा आणि आतून लापशी. चूल लाकूड अशी खाई की डोंगरातल्या बायका मोळ्या घेऊन येत, त्या दोन दिवसांत संपत. तुम्ही खालच्या दाराची वाऱ्याची पट्टी सरकवून पाहिली, धुराड्यातली झडप फिरवून पाहिली. काही केले तरी जाळ कमी होईना. आधी तुम्ही धावड्याच्या लाकडाला दोष दिला, मग या देशाच्या हवेला, आणि दोन्ही ऐकेनात तेव्हा मला. “तू खेड्यातली आहेस, तुला आग कळते,” असे म्हणून तुम्ही मला चुलीवर नेमले. इंग्रजीचा तास सकाळी दुसरा होता, आणि पाव त्याच वेळी भट्टीत असे. खिडकीतून जेवढे इंग्रजी ऐकू आले, तेवढे मी शिकले. ते इतरांपेक्षा कमी नव्हते, म्हणून तर ट्रेनिंग कॉलेजात पाठवायच्या दोन मुलींत तुम्हाला माझे नाव घालावे लागले.

मग मुंबईहून मोठ्या मदर येणार म्हणून शाळाभर साफसफाई सुरू झाली. शनिवार होता. आमच्या गावी, कोरीटला, शनिवारी चूल सारवल्याशिवाय रविवारी पेटवत नाहीत. पाहुणे यायचे असले तर नाहीच नाही. मला कोणी सांगितले नव्हते की लोखंडी चूल सारवायची नसते. मी पांढरी माती आणली, शेण आणि भुसा कालवला आणि ती तुमची वेलबुट्टीची चूल पायापासून झाकणापर्यंत सारवली. पत्र्यांच्या जोडातल्या फटी बुजवल्या. खालच्या दारातली भोकेही बुजवली, कारण मातीच्या चुलीला भोक पडले की ते बुजवायचे असते, एवढेच मला माहीत होते. मला ती फार छान दिसली. मी हात धुऊन तिच्याकडे लांबून बघत बसले होते, हे आज लिहितानाही कानशिले तापतात.

सकाळी काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. वारा नाही म्हणून जाळ नाही, जेवढा धूर झाला तो सगळा भोजनगृहात, आणि तापल्या लोखंडावर शेणाचा वास. मोठ्या मदर खोकत बाहेर आल्या. तुम्ही मला अंगणात सगळ्या मुलींसमोर सुरी देऊन बसवले आणि चूल खरवडायला लावली. मुन्शींकडून शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणालात, “शेणात जन्मलेले हात शेणाकडेच जातात.” त्याच दुपारी यादीतून माझे नाव कापले. मी पुढे दोन वर्षे त्या चुलीपाशी काढली, मग दवाखान्यात दाई आणि नंतर नर्स झाले. तीस वर्षे लोकांची घाण काढली. हात, तुम्ही म्हणालात तिकडेच गेले, सिस्टर. पण ज्यांची काढली, त्यांच्यापैकी कोणी मला तसे बोलले नाही.

आता ऐका. चूल घरी आल्यावर मी ती वाळूने आणि नारळाच्या काथ्याने घासली. धुराड्यातल्या झडपेचा दांडा गंजून बसला होता, त्याला आठ दिवस घासलेट पाजले. चाचांनी नवा पाय आणि धुराडे बसवले. पेटवली, तर पुन्हा तीच कथा. पट्टी बंद करा, जाळ भडकतोच. चाचांनी माझ्याकडून उदबत्ती मागून घेतली आणि ती चुलीच्या जोडांवरून हळूहळू फिरवली. जिथे फट होती तिथे उदबत्तीचा धूर आत ओढला जाई. “देखा बाई, इनी छाती उघडी शे. तुम्ही पुढलं दार बंद करा, ही बाजूतून वारा खास.” एवढेच होते. पट्टीत दोष नव्हता, झडपेत नव्हता, धावड्यात तर मुळीच नव्हता. सांधे सुटले होते, आणि सांधे बुजल्याशिवाय वारा कोणाच्या हातात राहत नाही.

पण मागच्या बाजूचे, भिंतीकडचे सांधे सुटले नव्हते. त्यांवर विटेसारखा कडक थर होता. चाचांनी छिन्नीने एक कपचा काढला आणि उजेडात धरला. “हाई एक दिननं काम नही. खाले शेणमाती शे, भुसा बी दिसस. वर राख आन् मीठना थर शेतस. कोनीतरी दर साले लायेल शे.” खालची माती माझी. सुरी पाठीमागे पोचली नव्हती. वरचे थर मी लावलेले नाहीत. त्या चुलीला पुन्हा मातीचे बोट लावायची माझी छाती नव्हती. वरचा प्रत्येक थर पसरट सुरीने, पावाला लोणी लावावे तसा, गुळगुळीत केलेला आहे. स्वयंपाकघराची किल्ली कोणाच्या कमरेला असे, ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

आणि मग मला ते आठवले, जे मी कधी जोडून पाहिले नव्हते. त्या रविवारनंतर पाव सुधारला. लाकूड निम्मे लागू लागले. तुम्ही जेवणाआधी सर्वांसमोर संत योसेफाचे आभार मानलेत. मी पंक्तीच्या टोकाला हात जोडून उभी होते आणि मीही मानले. तुम्हाला कळले होते. माझी माती कुठे चुकली आणि कुठे बरोबर होती, हे तुम्ही पाहिलेत, शिकलात, दर वर्षी गुपचूप केलेत, आणि दोन वर्षे रोज माझ्या हातचा पाव खाऊन एक शब्द बोलला नाहीत. अज्ञानाने केलेला अपमान मी सोसला असता. दवाखान्यात असले पुष्कळ पाहिले. पण तुम्ही जाणून गप्प बसलात, आणि गुडघ्यावर बसून प्रार्थना करत गप्प बसलात.

बाजूचे सुटलेले सांधे मी राख आणि मीठ कालवून बुजवले. आता चूल माझे ऐकते. कापसाच्या पऱ्हाट्यांवर पेटवते, वाऱ्याच्या दोन्ही वाटा उघड्या ठेवते. बाभळीने जाळ धरला की खालची पट्टी बोटभर, वरची झडप अर्धी. पाव सारखा भाजतो. चाचा चहात बुडवून खातात.

इथेच थांबणार होते. पण तुमच्यावर एवढे ओरडून झाल्यावर उरलेलेही लिहिले पाहिजे. नाव कापल्याच्या तिसऱ्या दिवशी बाजार होता आणि माझी आई मिरच्यांची पाटी घेऊन तशीच तुमच्या ऑफिसात आली. मोठ्या मदर अजून होत्या. यादी टेबलावर होती, तुमच्या हातात टाक होता. आई उभ्यानेच अहिराणीत म्हणाली, “हाई बाईले सांग, मन्ही पोर मी शिकाले धाडेल शे, चूल फुकाले नही. इनं नाव परत लिखा, नही ते आत्तेच घर लई जास.” तुम्हाला अहिराणी कळत नसे. तुम्ही माझ्याकडे वळून, रागाने नव्हे, खरोखर विचारलेत, “काय म्हणते ती?” आईच्या पायांना शेताची माती होती, पाटीतल्या मिरचीने मदर शिंकल्या, आणि मला तिची लाज वाटली. मी इंग्रजीत म्हटले की ती माफी मागते आहे. तुम्ही टाक ठेवला, दौतीचे झाकण लावले आणि क्षमा केल्याचे सांगितलेत. आईने विचारले, काय म्हनस ती? मी म्हटले, देखसूत म्हनस, म्हणजे बघू म्हणते.

आई मरेपर्यंत तुम्हाला शिव्या देत राहिली, आणि मी त्या देऊ दिल्या. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणूनच इतके लिहिता आले. तिने माफी मागितली नव्हती, सिस्टर. ते शब्द माझे होते.